भिंतीवरची रेघ

पोफळी गावात ऊन उशिरा उतरतं. पूर्वेला सह्याद्री उभा. कुंभार्ली घाटाचा माथा उजळला तरी खाली अंगणात सावलीच असते. डोंगराच्या पोटातल्या वीजगृहातून सुटलेलं कोयनेचं पाणी आधी कोळकेवाडीच्या धरणात जातं, तिथं पुन्हा वीज देऊन वाशिष्ठीला मिळतं, आणि मग चिपळूण गाठतं. इथं सकाळी पाण्याचा विचार मनात आला की तोही त्याच वाटेनं चिपळूणला जातो.

22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं. नंतर धरण, गाळ, भरती, पूररेषा यांवर पुष्कळ वाद झाले. नदीतला गाळ काढावा म्हणून चिपळूण बचाव समितीनं साखळी उपोषण केलं, आणि ते करणारे रोजच्या धंद्या-नोकरीतले लोक होते. पण मला राहून राहून आठवतात त्या भिंती. पाणी ओसरल्यावर घराघरांत चिखलाची एक रेघ उरली होती. शहरात पाणी कुठून शिरलं, कोणत्या आळीत किती चढलं, हे सांगणारी ती शेकडो मोजमापं होती. दिवाळीआधी आपण भिंती रंगवल्या आणि ती पुसली गेली. घर सावरायचं होतं, त्यात कोणाची चूक नाही. फक्त एक टेप आणि एक वही कमी पडली.

शहरातल्या नदीचा अभ्यास करणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. पाणी मोजणारी यंत्रं मोजकी आणि ठरावीक जागी. तुमच्या उंबऱ्यावर पाणी किती वाजता आलं, हे तुम्हीच सांगू शकता. मग त्या वेळी वाशिष्ठी जिथं जाते त्या दाभोळच्या खाडीत भरती होती की ओहोटी, हे ताडून पाहता येतं.

लोकांनी हात लावल्यावर काय होतं, हे आपल्या जिल्ह्यानं पाहिलेलं आहे. वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी राखण्याचं काम 2002 पासून उभं केलं, ते चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेनं आणि गावकऱ्यांनी मिळून. घरटी कोणत्या तारखेची, अंडी किती, पिल्लं कधी निघाली, याच्या नोंदी गावातल्याच माणसांनी ठेवल्या.

येत्या पावसात पाणी दारात आलं, तर आधी जीव आणि सामान सांभाळा. मग भिंत रंगवण्याआधी रेघेची उंची जमिनीपासून मोजा, शेजारी तारीख आणि वेळ लिहा, फोटो काढा. आणि शेजारच्या घरातली रेघही मोजून घ्या.