बंदूक राखणारे

छंदी माणसाच्या घरी जाताना हाताशी भरपूर वेळ ठेवून जावे, असा माझा अनुभव आहे. तिकिटे जमवणारा तासाभरात सोडतो, नाणी जमवणारा दोन तासांत. पण जुन्या बंदुका राखणाऱ्याकडे गेलेला माणूस जेवल्याशिवाय परत येत नाही. मूल-सिंदेवाहीच्या बाजूला अशी दोन-चार घरे मला ठाऊक आहेत. बहुतेक जुन्या मालगुजारांची. 1951 साली मालगुजारी गेली, पुढे जमिनी वाटल्या गेल्या, वाड्याचे अर्धे छप्पर बसले. दिवाणखान्याच्या खुंटीवरची बंदूक मात्र जागची हलली नाही.

ह्या मंडळींचे स्वभाव पाहावेत तर एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. बंदूक तुमच्या हाती देण्याआधी ती उघडून, नळी उजेडाकडे धरून ते आरपार पाहतील. चाळीस वर्षांत तिने काडतूस पाहिलेले नसते, हे त्यांना ठाऊक असते, तरी पाहतील. तुमच्या हातून परत घेतल्यावर पुन्हा पाहतील. मग तुमच्या बोटांचा घाम पुसतील. आमच्याकडचा पावसाळा लोखंडाचा वैरी. म्हणून आषाढ लागला की दर आठवड्याला नळीला शिलाई मशिनचे तेल आणि लाकडी दस्त्याला जवसाचे. घरातल्या दाराच्या बिजागऱ्या मात्र वर्षभर कुरकुरत असतात, असे त्यांच्या गृहिणी सांगतात. परवान्याचे कागद पत्र्याच्या डब्यात, साल लावून ठेवलेले. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. त्या दिवशी हे गृहस्थ लेक सासरी धाडल्यासारखे उदास असतात आणि पावती चारदा वाचतात.

ह्या लोकांना बळाचे आकर्षण असते, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. ती माझ्या एका स्नेह्यांनी दूर केली. त्यांच्याकडे तीन बंदुका होत्या: पणजोबांची ठासणीची, आजोबांची दुनळी आणि वडिलांनी घेतलेली रायफल. 2019 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका परवान्यावर दोनच बंदुका ठेवता येतील, असे ठरले. त्यांनी कोणती सोडावी? रायफल. जी खरोखर चालत होती, ती. ठासणीच्या बंदुकीला दारू, गज, टोपी असा सगळा संसार लागतो, आणि तो आता जमायचा नाही. दुनळीच्या नळ्या लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून घडवलेल्या. लाकडाला असते तशी त्यांच्या अंगावर नागमोडी रेघ आहे. काळ्या दारूसाठी केलेल्या त्या नळ्यांत आजचे काडतूस घातले, तर फुटून उडवणाऱ्याचाच हात जायचा. अशा दोन निरुपयोगी वस्तू ठेवून त्यांनी उपयोगाची परत केली. "गुरुजी, रायफल काय, कोणाकडेही असते," एवढेच म्हणाले.

तेव्हा हे प्रेम बळाचे नव्हे. थोडे मानाचे असेल. 1858 साली मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चांद्याच्या तुरुंगात फासावर गेले. पुढे वीस वर्षांनी, 1878 साली, हत्यारांचा कायदा आला. साहेबाला मोकळीक, एतद्देशीयाला परवाना. मग ज्याच्या घरी परवान्याची बंदूक तो सरकारच्या विश्वासातला, हे गावाला न सांगता कळे. गडचिरोलीच्या रानातल्या माणसाची भरमार बंदूक ह्या मानात कधीच बसली नाही. ती पिकावरच्या डुकरांसाठी आणि पोटासाठी. अलीकडच्या वर्षांत पुष्कळ गावांनी आपल्या भरमार पोलिसांकडे नेऊन जमा केल्या. धानोऱ्याकडच्या एका म्हाताऱ्याने मला सांगितले की बंदूक दिली त्याचे काही नाही, पण तिचा गज बापाने स्वतः घासून केला होता, तेवढा ठेवून घ्यायला हवा होता. त्याला कोणी संग्राहक म्हणणार नाही. मला तो त्याच जातकुळीचा वाटला.

पण एक प्रश्न उरतोच. पुण्याच्या दिनकर केळकरांनी जन्मभर दिवे, अडकित्ते, दौती जमवल्या आणि 1975 साली सारे सरकारच्या स्वाधीन केले. अडकित्त्याला कोणी विचारीत नाही की बाबा, तू आजवर काय काय कातरलेस? बंदुकीला विचारावे लागते. वस्तूवर प्रेम करावे आणि तिने केलेल्या कामाकडे पाहू नये, हे चालेल काय? ह्यावर ठरलेले उत्तर आहे: गुन्हा हाताचा, हत्याराचा नव्हे. मलाही ते बरीच वर्षे पुरले. पुरण्याचे कारणही सांगून टाकतो. माझ्या कपाटात माझ्या गुरुजींची वेताची छडी आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी ती वापरली. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने ती बंद झाली; मी ती फेकली नाही, तेल लावून ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवतो. गुरुजींच्या आठवणी सांगतो. माझ्या हातून ती खाऊन शाळा सोडून गेलेल्या एका मुलाची आठवण कधी सांगत नाही.

त्या स्नेह्यांच्या दिवाणखान्यात दुनळीच्या खाली एक फोटो आहे. पुढे मेलेला बिबट, त्याच्यामागे खुर्चीत त्यांचे आजोबा, मांडीवर हीच दुनळी. मागे ओळीने हाकारे उभे. साल 1946. बिबट कसा उलटला, आजोबांनी कसा नेम धरला, ही हकीगत मी त्यांच्या तोंडून सात-आठ वेळा तरी ऐकली असेल. दरवेळी मी फोटोतल्या हाकाऱ्यांची तोंडे न्याहाळत बसे.

माझे आजोबा त्या हाक्यात होते. सोळा-सतरा वर्षांचे. बिबट हाक्याच्या फळीकडे वळला, पहिली नळी फळीच्या दिशेने सुटली आणि तीन छर्रे आजोबांच्या डाव्या पोटरीत बसले. दोन निघाले, तिसरा राहिला. लहानपणी आम्ही नातवंडे तो बोटाने चाचपत असू; कातडीखाली तो चिंचोक्यासारखा सरके. थंडीत पाय दुखला की आजोबा शेकत बसत आणि म्हणत, "बंदूक बेस होती गा, मानूसच घाबरला." त्यांच्या बोलण्यात राग मी कधी ऐकला नाही. फोटोत ते नाहीत, कारण तो काढला तेव्हा त्यांना बैलगाडीत घालून दवाखान्यात नेत होते.

हे स्नेह्यांना सांगावे की नाही, ह्याचा मी दोन वर्षे विचार केला. मैत्री चांगली, माझ्या कादंबऱ्या विकत घेऊन वाचणारी माणसे ह्या भागात फार नाहीत. शिवाय त्यांचा त्यात काय दोष? ते तेव्हा जन्मलेही नव्हते. परंतु हकीगत ऐकून प्रत्येक वेळी मान डोलवायची, हेही आजोबांच्या बाबतीत बरे दिसेना. अखेर गेल्या श्रावणात सांगितले. ते नळी पुसत होते. हात थांबला. "कोणता पाय?" त्यांनी विचारले. मी म्हटले, डावा. मग बराच वेळ ते पुसलेलीच नळी पुन्हा पुसत राहिले. चहा आला, तो निवला.

यंदा खंडेनवमीला त्यांचे बोलावणे आले. मला वाटले, आता बिबटाची गोष्ट निघायची नाही. बंदुकांना हळदकुंकू, झेंडू झाला, मुलेबाळे जमली आणि त्यांनी नेहमीप्रमाणे गोष्ट सुरू केली. बिबट फळीकडे वळला, इथपर्यंत येऊन ते थांबले. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पुढचं गुरुजी सांगतील."

मी तयारीने गेलो नव्हतो. सांगितले कसेबसे. बायका गप्प झाल्या. त्यांच्या सात-आठ वर्षांच्या नातीने मात्र विचारले, "मग तो छर्रा आता कुठे आहे?"

आजोबा गेले तेव्हा मी शाळकरी होतो. तिसऱ्या दिवशी राख सावडायला वडिलांनी मला बरोबर नेले होते. अस्थी वेचून झाल्या, बाकीची मंडळी नदीकडे वळली, तरी वडील काडीने राख उकरीत तिथेच बसले होते. काय शोधता, म्हणून मी विचारले, तेव्हा त्यांनी आपल्या पोटरीला हात लावून दाखवला. शिसे वितळून गेले असावे. सापडले नाही, असे मी त्या मुलीला सांगितले.