तलवारीचें कुळ

जुनें शस्त्र हातीं आलें म्हणजे ‘हें कोठलें?’ आणि ‘हें कोणाचें?’ असे दोन प्रश्न मनांत उठतात. आणि पहिल्याचें उत्तर मिळालें कीं दुसऱ्याचेंही मिळालें, अशी आपली समजूत असते. ही समजूत किती कच्ची आहे हें पाहावयाचें असेल, तर इंडोनेशियांतील जुन्या तलवारींचा विचार करावा.

सुमात्रा बेटांतील बटाक लोकांची ‘पोडांग’ ही तलवार घ्या. तिची ओळख पटवितांना जाणकार मूठ, पातें आणि म्यान हीं निरनिराळीं तपासतो. कारण तिन्हींचें कुळ एक असेलच असें नसतें. मुठीची ठेवण हिंदी तलवारीची आठवण करून देते. पातें पुष्कळदां युरोपीय धाटणीचें, केव्हां केव्हां प्रत्यक्ष युरोपांतून आलेलें असतें. मग हिंदुस्थानचें हिंदुस्थानास आणि युरोपचें युरोपास देऊन टाकल्यावर बटाकांचें म्हणून काय उरलें? असा हिशेब मांडणारा एक गोष्ट विसरतो. हें पातें घ्यावें, त्यास ही मूठ जडवावी आणि ती तलवार आपल्या कमरेस शोभेल अशी करावी, हा निर्णय सुमात्रांतच झाला.

आम्हां हिंदी लोकांस या वजाबाकीचा मोह विशेष. कलकत्त्यास १९२६ सालीं ‘ग्रेटर इंडिया सोसायटी’ स्थापन झाली, त्या सुमारास पूर्वेकडील बेटांत आपल्या खुणा शोधून धन्य होण्याची संवय सुशिक्षितांस जडली. जावांतील सुकूह मंदिरांत पंधराव्या शतकांतील एक शिल्प आहे. एका बाजूस लोहार शस्त्र घडवीत आहे, दुसऱ्या बाजूस एकजण भाता चालवीत आहे, आणि मध्यें गणपति नाचत आहे. लोहार तो भीम व भाता चालविणारा अर्जुन, असें अभ्यासक मानतात. नांवें आपलीं खरीं. परंतु आपल्या महाभारतांतील भीम कधीं लोहारकाम करीत होता काय? तो भीम जावाचा होऊन गेला होता.

या मोहाचा उतारा आपल्या घरींच आहे. युरोपीय पातें बसविलेल्या तलवारीस मराठी मुलखांत ‘फिरंग’ म्हणत. परकेपणाची कबुली नांवांतच दिलेली. पण म्हणून ती मराठ्यांची नव्हे असें कोणी म्हटलें, तर आपण तें ऐकून घेऊं काय? जो न्याय फिरंगेस, तोच पोडांगेस लाविला पाहिजे.

तथापि घेणें हें नेहमीं निरागस असतें, असें मात्र नव्हे. १८७३ मध्यें डचांनीं आचेवर युद्ध पुकारलें. तेथील ‘क्लेवांग’ ही आंखूड, एकधारी तलवार निकट लढाईस सोयीची आहे हें पाहून त्यांनीं तिचाच लष्करी नमुना करविला, नांवही तेंच ठेविलें, आणि ती आपल्या ‘मारशोसे’ पथकांच्या हातीं दिली. अधिकारी युरोपीय, शिपाई बहुतेक त्याच द्वीपसमूहांतले. १९०४ सालच्या व्हान डालेनच्या मोहिमेंत गायो व आलास मुलखांतील खेडींच्या खेडीं बायकामुलांसकट मारलीं गेलीं. पुढें अमेरिकन नौदलानें १९१७ सालीं आपली तलवार या डच क्लेवांगेवरूनच बेतली. येथें आकाराचें मूळ कोणाचें हें सांगणें सोपें आहे. परंतु गायो खेड्यांतील रक्ताची जबाबदारी त्या मूळावर टाकतां येईल काय?

मूळ शोधणें हें इतिहासाचें काम, आणि तें कसोशीनें केलेंच पाहिजे. मालकीचा प्रश्न नीतीचा आहे. ज्यानें वस्तु आपल्या गरजेप्रमाणें घडविली, आणि तिच्या हातून झालेल्या बऱ्यावाईटाचें उत्तर ज्यानें द्यावयाचें, त्याची ती वस्तु. मूळ देणाऱ्यानें फार तर कृतज्ञतेची अपेक्षा करावी. त्यास श्रेय हवें असेल, तर अपश्रेयाचा वांटाही उचलण्याची त्याची तयारी पाहिजे.