वहिवाटीचा दावा

इस्तंबूलच्या तकसीम चौकाशेजारी तोफखान्याची एक बराक होती. तिसऱ्या सलीम सुलतानाच्या कारकिर्दीत, १८०६ साली बांधलेली. पुढे फौज गेली आणि आतल्या अंगणात फुटबॉलचं मैदान झालं. प्रजासत्ताकाची घोषणा व्हायला तीन दिवस बाकी असताना, २६ ऑक्टोबर १९२३ रोजी, तुर्कस्तानचा राष्ट्रीय संघ आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना याच मैदानावर रुमानियाशी खेळला. तो २-२ असा बरोबरीत सुटला. १९४० मध्ये बराक जमीनदोस्त झाली. अतातुर्कांच्या बोलावण्यावरून आलेले फ्रेंच नगररचनाकार ऑन्री प्रोस्त यांच्या आराखड्यात तिथे बाग होती. तीच आजची गेझी पार्क. शेजारी आर्मेनियन लोकांची जुनी दफनभूमी होती. तीही सरकारने ताब्यात घेतली आणि तिथल्या थडग्यांचे दगड बागेच्या पायऱ्यांना वापरले.

२०११ च्या निवडणूक प्रचारात पंतप्रधान रेजेप तय्यिप एर्दोआन यांनी जाहीर केलं, की तकसीमचा कायापालट करायचा. वाहतूक भुयारातून न्यायची, चौक पादचाऱ्यांना मोकळा करायचा आणि बाग काढून पाडलेली बराक पुन्हा उभी करायची. आत सैनिक अर्थातच नसणार. कधी शॉपिंग मॉलचं नाव निघे, कधी हॉटेलचं, कधी संग्रहालयाचं. वारसा जतन करणाऱ्या स्थानिक मंडळाने जानेवारी २०१३ मध्ये नकार दिला, तो वरच्या मंडळाने फिरवला.

या प्रकरणात मला सर्वांत चमत्कारिक वाटतं ते हे, की इतिहासाचा आधार प्रत्येकालाच मिळत होता. सरकार म्हणे, आम्ही उस्मानी वारसा परत आणतोय. प्रजासत्ताकवादी म्हणत, ही बाग अतातुर्कांच्या आधुनिक शहराची खूण आहे; शिवाय १९०९ चं प्रतिगामी बंड ज्या बराकींतून पेटलं त्यांत हीही होती. आर्मेनियन तरुणांनी बागेत थडग्याच्या आकाराचा फलक उभारून सांगितलं, की या दोघांच्याही आधी आमचे लोक इथे पुरलेले आहेत. जमीन कुणाची हे पूर्वजांवरून ठरवायचं म्हटलं, की निकाल असाच लागतो: ज्याच्या हाती बुलडोझर, त्याचे पूर्वज खरे. तो वाद जिंकण्याच्या भानगडीत न पडता वेगळाच आधार शोधणारा एक विचार युरोपात आधीच जन्मला होता. गेझीतल्या आंदोलनाने त्याला हात-पाय दिले आणि त्याचे लंगडे पायही उघडे केले.

आपल्याकडे गावातल्या माणसाला हा विचार समजावून सांगावा लागणार नाही. शेताच्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या जाणारी वाट नव्या मालकाने काटे लावून बंद केली, की लोक मामलेदाराकडे जातात. सातबारा कुणाच्या नावे आहे यावर तिथे कुणी वाद घालत नाही. वाट वापरात होती का, एवढंच पाहिलं जातं; १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने तशी सोयच करून ठेवली आहे. शहरात मात्र वहिवाट चालत नाही. तिथे मालकी असते, नाहीतर अतिक्रमण.

युरोपातला तो विचार फ्रेंच तत्त्वज्ञ ऑन्री लफेव्र यांचा. त्यांनी १९६८ साली, पॅरिसमधल्या मे महिन्याच्या उद्रेकाच्या जरासं आधी, ‘शहरावरचा हक्क’ या अर्थाचं फ्रेंच पुस्तक प्रसिद्ध केलं. ते शिकवत त्या नाँतेरच्या विद्यापीठालगत अल्जेरियन मजुरांची पत्र्याची वस्ती होती. कामगारांना शहराच्या पोटातून उचलून कडेच्या उंच इमारतींत नेऊन टाकलं जात होतं. घर मिळत होतं, शहर सुटत होतं. लफेव्र यांचं म्हणणं थोडक्यात असं: शहर हे राहणाऱ्यांनी मिळून घडवलेलं काम आहे, त्याची किंमत बाजारात ठरते तेव्हा ते घडवणाराच त्यातून बेदखल होतो. म्हणून हक्क मागायचा तो चार भिंतींपुरता नाही. मध्यवस्तीत असण्याचा, चौकात थांबण्याचा, शहर कसं बदलेल हे ठरवण्याचा मागायचा. पुस्तक विस्कळीत आहे, कार्यक्रम म्हणून तर अगदीच धूसर. तरी ते टिकलं.

मुंबईत हाच प्रश्न लफेव्र न वाचता न्यायालयात पोचला. १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवासीयांना हटवण्याचा आदेश काढला. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांच्या याचिकांवर १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. माणूस फुटपाथवर राहतो कारण काम शहरात आहे, हे न्यायालयाला पटलं. पण लगेच पुढे असंही ठरलं, की फुटपाथ चालणाऱ्यांसाठी आहे आणि रीतसर नोटीस देऊन पालिकेला हटवता येईल. पावसाळा तेवढा जाऊ द्या. तत्त्व गरिबाला, जागा पालिकेला. भूगोलतज्ज्ञ डेव्हिड हार्वे यांनी २००८ मध्ये लफेव्र यांचा विचार नव्याने मांडताना धारावीचा दाखला दिला तो उगाच नाही. शिल्लक भांडवलाला गुंतवायला जागा लागते आणि ती बहुधा गरिबाच्या पायाखालची असते, असा त्यांचा मुद्दा होता.

दरम्यान हा विचार सभ्यही झाला होता. ब्राझीलने २००१ मध्ये शहरांसाठी त्या धर्तीचा कायदा केला, जागतिक परिषदांच्या मसुद्यांत तो शिरला. मसुद्यात शिरलेल्या विचाराला कुणी घाबरत नाही.

इस्तंबूलमध्ये २००२ साली एर्दोआन यांचा पक्ष सत्तेवर आल्यानंतरची सरकारी भरभराट बांधकामावर उभी होती. सार्वजनिक गृहनिर्माण प्रशासनाला, म्हणजे ‘टोकी’ला, अफाट अधिकार मिळाले. २००५ च्या एका कायद्याने जुन्या वस्त्यांना ‘नूतनीकरण क्षेत्र’ ठरवून पाडण्याची मुभा दिली. बायझंटाइन तटबंदीला टेकलेली सुलुकुले ही रोमा लोकांची गाण्याबजावण्याची वस्ती २००८-०९ च्या सुमारास पाडली गेली. रहिवाशांना सुमारे ४० किलोमीटर दूर हप्त्यांवरची घरं दिली. हप्ते झेपेनात आणि दूर जाऊन कामही मिळेना, म्हणून बहुतेक जण परत जुन्या भागाच्या आसपास भाड्याने येऊन राहिले. त्यांच्या बाजूने वास्तुविशारद, विद्यार्थी, काही कलावंत उभे राहिले. शहर उभं राहिलं नाही.

२७ मे २०१३ च्या रात्री गेझीत बुलडोझर आला तेव्हाही मोजकीच माणसं होती. दुसऱ्या दिवशी कुर्द पक्षाचे खासदार सिर्री सुरेय्या ओंदेर यंत्रासमोर जाऊन उभे राहिले. ३० मेच्या पहाटे पोलिसांनी तंबू जाळले, आणि चित्र पालटलं. ३१ मेला न्यायालयाने बराकीच्या कामाला स्थगिती दिली, पण त्या दिवशी अश्रुधुराने भरलेल्या रस्त्यांवर ती बातमी ऐकायला कुणाला सवड होती? १ जूनच्या पहाटे आशियाई किनाऱ्यावरचे हजारो लोक बॉस्फरसचा पूल चालत ओलांडून आले. एक तुर्की वृत्तवाहिनी तेव्हा पेंग्विनवरचा माहितीपट दाखवत होती. मग पेंग्विन हेच आंदोलनाचं चिन्ह झालं. एर्दोआन यांनी निदर्शकांना ‘चापुलजू’, म्हणजे लुटारू म्हटलं, तर लोकांनी ते बिरुद छातीवर लावून मिरवलं. गृहखात्याच्याच हिशोबाने देशाच्या ८१ पैकी ७९ प्रांतांत मिळून सुमारे २५ लाख माणसं रस्त्यावर आली.

त्याच दिवशी पोलीस मागे हटले. त्यानंतरचे दोन आठवडे मला या विचाराच्या इतिहासात लफेव्र यांच्या पुस्तकाहून मोलाचे वाटतात. बागेत ग्रंथालय निघालं, दवाखाना निघाला, भाजीचे वाफे झाले, फुकट जेवण सुरू झालं. एरवी एकमेकांची डोकी फोडणारे बेशिकताश, फेनरबाहचे आणि गलातासराय या क्लबांचे चाहते एका रांगेत आले. अतातुर्कांचे झेंडे आणि कुर्दांचे झेंडे एकाच हिरवळीवर दिसले. भांडवलविरोधी मुसलमानांच्या गटाने जुम्म्याची नमाज पढली, तेव्हा नास्तिक डाव्यांनी भोवती कडं केलं. आर्मेनियन तरुणांचा तो फलक सोडला, तर कुणीही ‘ही जागा आमच्या पूर्वजांची’ असं म्हणत नव्हतं. आम्ही इथे आहोत, ही वापरतोय, एवढ्यावर दावा उभा होता. १५ जूनला पोलिसांनी बाग रिकामी केल्यावर लोक मोहल्ल्यांतल्या बागांत संध्याकाळी सभा भरवू लागले. रमझानात इस्तिक्लाल रस्त्यावर वर्तमानपत्रं अंथरून लांबच लांब इफ्तार झाली.

याची किंमत मोठी होती. किमान आठ निदर्शक मेले, हजारो जखमी झाले. अश्रुधुराचं नळकांडं डोक्याला लागलेला चौदा वर्षांचा एक मुलगा जवळजवळ नऊ महिने कोमात राहून मार्च २०१४ मध्ये गेला.

तरीही एक शंका गिळता येत नाही. सुलुकुलेतली घरं पडली तेव्हा जे शहर घरी बसलं, ते बागेतल्या झाडांसाठी बाहेर का पडलं? झाड कुणालाही आपलं मानता येतं, रोमा शेजारी मानता येत नाही, हे उत्तर अर्धं खरं आहे. गेझीतली गर्दी बरीचशी शिकलेली, मध्यवस्तीत वावरणारी, शहर आपलं आहे याची आधीपासूनच खात्री असलेली होती.

आणि समोरचा माणूस कोण होता? तकसीमच्या उतारावरच्या कासिमपाशा या साध्या मोहल्ल्यात वाढलेला. १९९४ मध्ये तो इस्तंबूलचा महापौर झाला, त्यामागे अनातोलियातून आलेल्या, रातोरात घर बांधून राहिलेल्या कडेच्या वस्त्यांची मतं होती. डोक्याला रुमाल बांधणाऱ्या त्या बायकांना तकसीमच्या कॅफेत कधी आपलं वाटलं नव्हतं. चौकात मशीद हवी ही त्यांची जुनी मागणी होती. लफेव्र यांची कसोटी प्रामाणिकपणे लावली, तर कडेवर ढकललेल्यांनी मध्यवस्तीवर सांगितलेला तो हक्कच होता. एर्दोआन यांची खोट अशी, की त्यांनी तो हक्क त्या बायकांच्या हाती न देता कंत्राटदारांमार्फत वापरला. सुलुकुलेतही, आणि पुढे त्यांच्याच मतदारांच्या मोहल्ल्यांतही.

तेव्हा सरकारचा हुकमी एक्का होता मतपेटी. ५० टक्के लोक आमच्या मागे आहेत, तुम्ही कोण? जूनच्या मध्यावर एर्दोआन यांनी सार्वमत घेऊ असंही सुचवलं. प्रश्न सोपा नव्हता. सार्वमत कुणाचं, बागेत बसणाऱ्यांचं, तकसीम ज्यात येतो त्या बेयोलूच्या रहिवाशांचं, की कोटभर इस्तंबूलकरांचं? वहिवाटीचा विचार इथे अडखळतो. वापरणारा कोण हे ठरवायला त्याच्यापाशी माप नाही, आणि बहुमताला त्याच्यापाशी उत्तरही नव्हतं.

नंतरची वर्षं न्यायालयांत गेली. एप्रिल २०२२ मध्ये गेझीच्या आंदोलनातून सरकार उलथवण्याचा प्रयत्न केल्याच्या आरोपाखाली उद्योजक उस्मान कावाला यांना आजन्म कारावास झाला. त्यांना सोडा, असं युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१९ मध्येच सांगून झालं होतं. सोबत नगररचनाकार, वकील, वास्तुविशारद यांना १८ वर्षं. पुढे काहींची शिक्षा वरच्या न्यायालयाने रद्द केली. बराक काही बांधली गेली नाही. मशीद मात्र चौकात झाली आणि २८ मे २०२१ रोजी, आंदोलनाला बरोबर आठ वर्षं होताना, उघडली. त्याच वर्षी मार्चमध्ये बागेची मालकी विरोधकांच्या हातातल्या महापालिकेकडून काढून सुलतान बायझीदच्या नावाच्या वक्फकडे गेली. पूर्वजांचा दावा शेवटी कागदावर आला तो असा.

मार्च २०२५ मध्ये महापौर एक्रेम इमामोलू यांना अटक झाली आणि इस्तंबूल पुन्हा रस्त्यावर उतरलं. तकसीम पोलिसांनी बंद केला होता, म्हणून गर्दी साराचहाने इथल्या महापालिकेच्या इमारतीसमोर जमली, रात्रीमागून रात्री. २०१३ मध्ये मतपेटी सरकारची ढाल होती. आता निदर्शकच म्हणत होते, की २०१९ मध्ये तुम्ही फेरनिवडणूक घ्यायला लावूनही आम्ही निवडून दिलेला माणूस तुम्ही परस्पर काढू शकत नाही. बागेतला दावा आणि मतपेटीतला दावा यांची सांधेजोड करण्याचं जे काम गेझीला जमलं नव्हतं, ते बारा वर्षांनी दुसऱ्याच एका चौकात सुरू झालं.