देहाची साक्ष आणि आपले कर्तव्य

अंधारात दोरीचा साप भासतो, हा वेदान्तातील दृष्टान्त आपणां सर्वांस परिचित आहे. डोळे फसतात, हे आपण मान्यच करतो. परंतु डोळे मिटले तरी आपला हात कोठे आहे हे आपणांस कळते. देहाची ही आतली साक्ष तरी खरी, असा आपला विश्वास असतो. तो विश्वासही निरपवाद नाही.

इ. स. १९७२ मध्ये गुडविन, मॅक्लॉस्की व मॅथ्यूज या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, डोळे झाकून, स्थिर धरलेल्या हाताच्या दंडातील स्नायूस कोपराजवळ सेकंदास सुमारे १०० कंपने दिली असता, हात सरळ होत असल्याचा भास होतो. स्नायू किती ताणला गेला हे मेंदूस कळविणारी सूक्ष्म संवेदनेंद्रिये स्नायूतच असतात. कंपनाने ती चेतविली जातात, आणि मेंदू त्यांचा निरोप खरा मानतो. आता यंत्राच्या चष्म्यातून चालणारे पाय दाखवावयाचे आणि त्याच वेळी पायांच्या स्नायूंस कंपने द्यावयाची, असेही प्रयोग होत आहेत.

सौंसर तालुक्यातील जामसावळीचा निद्रिस्त हनुमंत आपल्या बोरगावकरांस सुपरिचित आहे. समजा, घरातील आजीबाई अंथरुणास खिळल्या आहेत आणि अशा साधनाने त्यांस तेथील प्रदक्षिणेचा अनुभव देता आला, तर तो द्यावा काय?

हा भास आहे हे त्यांस ठाऊक असेल व त्यांची इच्छा असेल, तर त्यात फसवणूक नाही, असे आम्हांस वाटते. मानसपूजेत फुले कोठे खरी असतात? मात्र मानसपूजेत मन स्वतः झटते. यंत्रापुढे ते केवळ झेलीत राहते. हा भेद विसरता कामा नये.

परंतु खरा धोका आजीबाईंस नाही, आपणांस आहे. कळ दाबून देणाऱ्या मुलास व सुनेस वाटेल, आपण सेवा केली. हात तर जागचा हललेला नसतो. हलल्याचा भास मात्र होतो! प्रयोगातील मनुष्य डोळे उघडताच सावध होतो; कर्तव्य केल्याचा भास ज्यास झाला, त्याचे डोळे कोण उघडणार?

म्हणून यंत्र आणावयाचे तर अवश्य आणावे. परंतु त्यापूर्वी आजीबाईंस आधार देऊन अंगणापर्यंत नेता येईल काय, हे पाहावे. तेवढी चार पावले खरी असतील, त्यांचीही आणि आपलीही.