छंदाची साक्ष

एखाद्या मुलीने आपल्याला क्रिकेट आवडते असे म्हटले की घरच्या बैठकीतच तिची परीक्षा सुरू होते. ‘सिली पॉइंट’ कुठे असतो? पायचीत केव्हा देतात? उत्तर चुकले तर निकाल ठरलेलाच: ही आवड खरी नव्हे, भावाची नक्कल आहे किंवा कुणाला तरी दाखवण्यासाठी आहे. उत्तर बरोबर आले तरी सुटका नाही, कारण मग ‘पाठ केले असेल’ असे म्हणायला लोक मोकळे असतात. परळ-लालबागच्या चाळींत बॅट घेऊन फिरणाऱ्या मुलांपैकी कित्येकांना हे नियम धड सांगता येणार नाहीत, परंतु त्यांच्या छंदाचा दाखला कुणी मागत नाही. उलट त्यांच्यातलाच एखादा सुई-दोरा घेऊन भरतकामाला बसला, तर त्याला नेमके काय सिद्ध करायचे आहे, अशी चर्चा जिन्यापर्यंत पोहोचते.

वाचक बंधू-भगिनींनो, ही किरकोळ थट्टा आहे असे आपण समजतो. माझ्या मते हा नीयतीवर निवाडा देण्याचा प्रश्न आहे आणि त्या बाबतीत आपल्या धर्माची शिकवण कमालीची कडक आहे.

आदरणीय उसामा बिन जैद (रजि.) यांचा प्रसंग आपण ऐकला असेल. लढाईत तलवार डोक्यावर आली तेव्हा शत्रूने कलमा उच्चारला, तरीही उसामांनी त्याला ठार केले. जिवाच्या भीतीने तो तसे बोलला, असा त्यांचा तर्क होता. बाह्य परिस्थिती पाहिली तर तर्क दुबळा मुळीच नव्हता. तरीही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना विचारले, की तू त्याचे हृदय चिरून पाहिले होतेस काय? श्रद्धेसारख्या सर्वांत मोठ्या बाबतीत, रणभूमीवर, जो अधिकार एका प्रिय सहाबींना मिळाला नाही, तो एका शाळकरी मुलीच्या छंदाबाबत आपल्याला कुठून मिळाला?

सूरह अल-हुजुरातच्या 12व्या आयतीत अधिकतर संशयांपासून दूर राहण्याची आणि टेहळणी न करण्याची आज्ञा आहे. तिच्याआधीच्या आयतीत उपहासाला मनाई करताना पुरुषांचा उल्लेख झाल्यावर स्त्रियांचा पुन्हा स्वतंत्र उल्लेख आला आहे. आपल्या घरांत ही थट्टा दोघेही करतात आणि मुलींची उलटतपासणी पुष्कळदा काकू-मावश्याच अधिक हौसेने घेतात.

संशयाला पुराव्याने उत्तर देता येत नाही, याचे उदाहरण मुंबईतच आहे. डायना एदलजी या मुंबईच्या खेळाडूने 1978 साली विश्वचषकात भारताचे नेतृत्व केले. 1986 साली इंग्लंडच्या दौऱ्यात याच एदलजींना लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये प्रवेश नाकारण्यात आला. तिथल्या क्लबने स्त्रियांना सभासदत्व देण्याचा निर्णय 1998 साली घेतला. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा टाळ्या आपणही वाजवल्या. मात्र शेजारच्या मुलीने किटबॅग खांद्यावर घेऊन शिवाजी पार्कची वाट धरली, की आपला जुना प्रश्न तयारच असतो.

विचारणे वाईट आहे असे नव्हे. आदरणीय आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्यांमध्ये प्रेषितांना (स.) एक घोडा दिसला आणि त्याला चिंध्यांचे दोन पंख होते. घोड्याला पंख कसे, असे त्यांनी विचारले. सुलेमान (अलै.) यांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकले नाही का, असे उत्तर मिळाले, तेव्हा प्रेषित (स.) मनापासून हसले. हदीसच्या ग्रंथात हा प्रसंग आहे. प्रश्न तिथेही आहे, परंतु तो खेळात सामील होणाऱ्याचा प्रश्न आहे. त्या उत्तराला गुण द्यायचे नव्हते.

कुणी म्हणेल, की काही मुली खरोखरच मैत्रिणींच्या नादाने खेळू लागतात. लागत असतील. मुले दुसऱ्या कशाने लागतात? गल्लीत सगळे खेळतात म्हणूनच ना? सातव्या वर्षी मुलाला आपण नमाजला उभे करतो तेव्हा तो वडिलांचीच नक्कल करत असतो आणि ती नमाज खोटी आहे असे आपण म्हणत नाही. ज्ञान आम्ही अल्लाहखेरीज अन्य हेतूने मिळवू पाहिले, पण ते ज्ञानच अल्लाहखेरीज कुणाचे व्हायला तयार झाले नाही, अशा अर्थाचे पूर्वसूरींचे बोल इमाम गझाली यांनी नोंदवले आहेत. आरंभ कुणाच्या नादाने झाला यावरून गोष्ट कुणाची ते ठरत नाही. रिया, म्हणजे दिखाव्याची वृत्ती, हे मोठे पाप आहे खरे. पण तिची झडती ज्याने त्याने स्वतःच्या अंतःकरणात घ्यावयाची असते.

पुरुषांनी स्त्रियांची आणि स्त्रियांनी पुरुषांची नक्कल करू नये, ही हदीसही लोक पुढे करतात. हदीस खरी आहे. विद्वानांनी तिचा संबंध वेषभूषेशी आणि चालण्या-बोलण्याच्या खास ढबीशी जोडला आहे. कौशल्याला तिने लिंग चिकटवलेले नाही. प्रेषित (स.) घरी आपले कपडे स्वतः शिवत व पादत्राणे दुरुस्त करत, असे आदरणीय आयेशा (रजि.) यांनीच सांगितले आहे. मुंबईत जरदोजीच्या कारखान्यांत मांडीपुढे कारचोब घेऊन बसणारे बहुतेक कारागीर पुरुषच असतात आणि त्यांतले पुष्कळ आपल्याच समाजाचे आहेत. त्या सुईवर कुणी बोट ठेवत नाही, कारण ती मजुरी आणते. तीच सुई घरातल्या मुलाने हौसेने उचलली की तिचे रूप आपल्या डोळ्यांना बदललेले दिसते.

सरावामुळे मगरिबची नमाज जात असेल, मैदानावरचा पोशाख मर्यादेचा नसेल किंवा अभ्यास मागे पडत असेल, तर जरूर बोलावे. ते आई-वडिलांचे कामच आहे आणि ते मुलाच्या बाबतीतही तितक्याच काटेकोरपणे करावे. तीन महिन्यांनी मुलीने बॅट कपाटावर ठेवून दिली, तर ‘मी आधीच म्हटले होते’ हे वाक्य तेवढे गिळावे. मुलांच्याही बॅटी कपाटांवर पडलेल्या असतातच.