घासण्यापूर्वी

डेट्रॉइट शहराच्या पोटात, सुमारे ११०० फूट खोल, मिठाची खाण आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तो आटला आणि मिठाचे थर मागे राहिले. असलं खनिज मीठ मिशिगनच्या हिवाळ्यात रस्तोरस्ती पसरतात. त्याने बर्फ वितळतो आणि भल्या पहाटे कामावर निघालेली माणसं सुखरूप पोचतात. मग तेच मीठ, वाळू आणि चिखल चाकांखालून उडून गाड्यांवर चढतात.  जानेवारीत पिकअप ट्रकचा मूळ रंग कोणता, हे सांगणंही अवघड होतं.

हा मळ राहू देता येत नाही. मीठ ओलावा धरून ठेवतं आणि लोखंडाला गंज लवकर चढतो. धुवायचं म्हटलं, तर बाहेर पारा शून्याखाली असतो. नळीचं पाणी अंगणात गोठतं, दारांच्या रबरी पट्ट्यांत बर्फ धरतो. म्हणून कित्येक जण गॅरेजमध्ये, एका बादलीत ट्रक धुतात. नंतर वरून पाणी ओतावं लागत नाही असं द्रावण त्यासाठी मिळतं. साडेसात लिटर पाण्याला जेमतेम ३० मिलिलिटर पुरतं. त्यातली रसायनं मळाचे कण भिजवतात आणि कण व रंग यांच्यामध्ये निसरडा थर धरतात, म्हणजे कण रंगावर न रुतता फडक्यात उचलले जातात.

सगळी मदार असते ती हाताच्या शिस्तीवर. आधी या द्रावणाचा फवारा मारायचा आणि मळ भिजेपर्यंत थांबायचं. मग ओलं, मऊ फडकं चौघडी करून, भार न देता, सरळ रेषेत एकदाच फिरवायचं. लगेच घडी बदलायची. सगळ्या बाजू वापरून झाल्या की ते फडकं बाजूला टाकायचं. बादलीत पुन्हा बुडवायचं नाही. सुरुवात टपापासून, शेवट दारांच्या खालच्या भागाशी, कारण वाळू तिथे सर्वांत जास्त असते.

एवढी काळजी घ्यायची, कारण रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ असतो. वाळूचा कण त्याहून कितीतरी कठीण. पण नुसता बसलेला कण ओरखडा काढत नाही. आपण तो कोरड्या फडक्याने, घाईने घासतो, तेव्हा ओरखडा उठतो. मळ रस्त्याने दिलेला असतो. ओरखडा मात्र आपल्या हातचा असतो.

घरात आणि कामाच्या जागीही आपण पुष्कळदा असंच घासत असतो. मुलगा उशिरा घरी आला, सहकाऱ्याच्या कामात चूक निघाली, की पहिला शब्दच कोरडा जातो. आपला हेतू चांगला असतो, चूकही खरी असते. तरी समोरच्याच्या मनावर चरा उठतो. आधी काय झालं ते विचारावं, ऐकून घ्यावं. तेवढ्याने गोष्ट भिजते, आणि मग हलक्या शब्दानेही निघते. मागच्या महिन्यातली कुरबूर आजच्या बोलण्यात ओढून आणणं, हे तर वाळू भरलेलं फडकं पुन्हा फिरवण्यासारखंच आहे.

या पद्धतीला मर्यादा आहे, आणि ती मानण्यात शहाणपण आहे. चिखलाचे पोपडे धरले असतील, तर ट्रकला आधी हात लावायचाच नाही. धुलाई केंद्रावर जोराच्या पाण्याने पोपडे पाडायचे, खालून फवारा मारून चासीवरचं मीठ काढायचं; बादली त्यानंतर. वर्षानुवर्षं साचून कडक झालेल्या काही गोष्टीही आपल्या एकट्याच्या हाताने निघत नाहीत. तिथे घरातल्या जाणत्या माणसाला किंवा समुपदेशकाला मध्ये घ्यावं. त्यात कमीपणा नाही.

आणि ओरखडा पडलाच, तर पॉलिश आहे. पण पॉलिशने ओरखडा भरत नाही. त्याच्या आजूबाजूचा थर झिजवून त्याच्या पातळीला आणतात. वरून चकाकी येते, थर मात्र कायमचा पातळ होतो. माफीचंही थोडंफार असंच आहे. ती मागावीच, मनापासून मागावी, नातं तिने सावरतंही. पण प्रत्येक माफीत समोरच्याने आपल्यातलं थोडं काही खर्ची घातलेलं असतं, आणि हा साठा कुणाकडेच अपार नसतो.

आज कुणाला त्याची चूक दाखवायची वेळ आली, तर बोलण्याआधी त्याचं ऐकून घेऊ या. त्याला लागतात ती चार-दोन मिनिटं, आणि तेवढी आपल्यापाशी नक्की असतात.