उत्कंठा आणि अभिज्ञान : ऐंशीच्या दशकाच्या स्मरणरंजनाविषयी

गेल्या दोन दशकांत मराठी मध्यमवर्गाच्या सांस्कृतिक व्यवहारात ऐंशीचे दशक एखाद्या स्वतंत्र भावप्रदेशासारखे स्थिरावले आहे. सरकत्या दाराच्या लाकडी पेटीतला दूरचित्रवाणी संच, वाऱ्याने फिरलेला गच्चीवरचा अँटेना, पेन्सिल घालून गुंडाळलेली कॅसेटची फीत, पत्त्याखाली लिहिलेला शेजाऱ्यांचा पी. पी. नंबर, रविवार सकाळचे ‘रामायण’ : ही यादी आता इतकी पक्की झाली आहे की तिचा उच्चार एखाद्या नामावळीसारखा होतो. ललित लेखांत, सदरांत, नाटकांच्या नेपथ्यात आणि जाहिरातींत ती पुन्हा पुन्हा येते. समीक्षेने या प्रकाराची दखल घेतलीच तर ती बहुधा अभिरुचीच्या अंगाने. हळवेपणा म्हणून, नाहीतर बाजार म्हणून. वस्तुतः येथे एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. गतकाळाविषयीची ओढ केव्हा निर्दोष असते, आणि केव्हा ती कुणाचे तरी देणे बुडवते?

‘नॉस्टॅल्जिया’ या संज्ञेचा इतिहास सर्वपरिचित आहे. १६८८ साली बाझल येथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने ग्रीक भाषेतील ‘परतणे’ आणि ‘वेदना’ या दोन शब्दांच्या जोडणीतून ती घडवली, एका रोगाचे नाव म्हणून. १७९८ मध्ये कांटने मार्मिकपणे दाखवून दिले की घरी परतलेल्या अशा रुग्णांची निराशाच होते, कारण त्यांना हवे असते ते गाव नसते, हरवलेले तारुण्य असते. मराठीने मात्र ही वेदना बाजूला ठेवून ‘स्मरणरंजन’ हा शब्द रूढ केला. संस्कृतातील ‘रञ्ज्’ या धातूत रंगणे, रंगवणे आणि आसक्त होणे असे तिन्ही अर्थ आहेत, आणि शब्द घडवणाऱ्याच्या मनात असो वा नसो, ते तिन्ही या संज्ञेत उतरले आहेत. ज्या दशकाचे रंजन आज चालू आहे त्याच दशकात, १९८२ साली, दूरदर्शनचे चित्र रंगीत झाले, हा योगायोग येथे नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

भाषेच्याच अंगाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत : ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’. मागच्या पिढ्यांचे स्मरणरंजन ‘आमच्या वेळी’ या शब्दांनी सुरू होत असे. त्यात बढाई होती, पुढच्या पिढीविषयी कुरबुर होती. पण एक प्रामाणिकपणाही होता. बोलणारा आपल्या काळाची आणि आपल्या वर्तुळाची मर्यादा त्या एका सर्वनामात कबूल करून टाकत असे. ऐंशीच्या दशकाचे स्मरणरंजन मात्र सर्रास ‘आपलं बालपण’ असे म्हणते. येथे ‘आपण’ कोण, हा प्रश्न व्याकरणाचा राहत नाही. एका वर्तुळाची आठवण एका आख्ख्या समाजाच्या नावावर चढवली जाते, आणि ज्याचा तिच्यात वाटा नव्हता त्यालाही न विचारता भागीदार करून घेतले जाते.

या भागीदारीचे सर्वांत आवडते चित्र म्हणजे चाळीतला किंवा वाड्यातला एकच दूरचित्रवाणी संच आणि त्यासमोर जमलेली अवघी वस्ती. हे चित्र खोटे नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढची कित्येक वर्षे बहुसंख्य प्रेक्षकांपुढे निवडीचा प्रश्नच नव्हता. ७ जुलै १९८४ पासून ‘हमलोग’, १९८६ मध्ये ‘बुनियाद’, २५ जानेवारी १९८७ पासून ‘रामायण’, २ ऑक्टोबर १९८८ पासून ‘महाभारत’ : जे दिसे ते सर्वांना एकाच क्षणी दिसे, आणि दुसऱ्या दिवशी त्याविषयी बोलण्यासाठी कुणाला ओळख करून द्यावी लागत नसे. अवधानाचे हे सहभागित्व आज उरलेले नाही, आणि त्याची हळहळ वाटण्यात काही गैर नाही. किंबहुना ज्या वस्तूंची आठवण काढली जाते त्या वस्तू निमित्तमात्र असून खरी ओढ या एकसमयीपणाची आहे, असेही म्हणता येईल.

परंतु तीच खोली थोडी निरखून पाहावी. कोण खुर्चीवर बसले होते, कोण सतरंजीवर, कोण उंबऱ्याशी? खिडकीच्या गजांतून कोण पाहत होते? कोणाला पाणी पेल्यातून मिळाले आणि कोणाला ते मागण्याचा संकोच वाटला? कोणत्या घराची मुले या दारात कधी आलीच नाहीत, आणि ती का आली नाहीत? ज्या बाईच्या स्वयंपाकघरातून चहा येत होता तिने मालिकेचा कोणता भाग सलग पाहिला? मालकाच्या मुलाच्या स्मृतीत ती संध्याकाळ औदार्याची असते. गजांना धरून उभ्या राहिलेल्या मुलाच्या स्मृतीत तीच संध्याकाळ आनंदाची असूनही तिला अपमानाची एक बारीक कड असू शकते. संच मधेच बंद केला जाण्याची, दार लोटले जाण्याची धास्ती तिच्यात मिसळलेली असते. दोघेही त्या संध्याकाळीविषयी हुरहुरतात. ‘आपण सगळे एकत्र पाहायचो’ या वाक्यात मात्र पहिल्याचीच आठवण बोलते.

ही हुरहुर आणि खरे स्मरण यांतील अंतर समजून घेण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. ‘अभिज्ञानशाकुंतल’च्या पाचव्या अंकाच्या आरंभी हंसपदिकेचे गीत ऐकून दुष्यंत अस्वस्थ होतो. प्रियजनाचा विरह नसताना आपण असे उत्कंठित का झालो, हे त्याला उमगत नाही, आणि रम्य गोष्टी पाहता-ऐकता जन्मांतरीचे स्नेह नकळत स्मरत असावेत असा तर्क तो करतो. अभिनवगुप्ताने या श्लोकाची चर्चा करताना ही स्मृती तार्किकांच्या स्मृतीहून वेगळी मानली आहे. परंपरेने रसविचाराच्या दृष्टीने या प्रसंगाचा पुष्कळ ऊहापोह केला. त्याच्या नैतिक रचनेकडे मात्र तितके लक्ष गेलेले दिसत नाही.

ती रचना अशी. ज्या क्षणी राजा उत्कंठेने व्याकूळ आहे त्याच क्षणी तो शकुंतलेला पूर्ण विसरलेला आहे. थोड्याच वेळात ती गरोदर अवस्थेत त्याच्यासमोर उभी राहणार आहे आणि तो तिला नाकारणार आहे. म्हणजे उत्कंठेला स्मरणाची गरज नसते. विस्मरणाच्या पोटातही ती सुखेनैव नांदू शकते. दुसरे असे की हंसपदिकेचे गीत मुळात तक्रार आहे. एकदा प्रेम करून राजाने तिला टाकले, हे ती त्याला सुनावते आहे. राजाला ते कळतेही. आपल्याला चांगला टोमणा मिळाला असे म्हणून तो विदूषकाला तिच्याकडे धाडतो. पण लगेचच त्या तक्रारीतले सूर तेवढे त्याच्यापाशी उरतात आणि तिचे दुःख त्याच्या स्वतःच्या गोड अस्वस्थतेचे साधन होते. तिसरी गोष्ट अंगठीची. राजाला भान येते ते उत्कंठेमुळे नव्हे. एक वस्तू हाती आल्यामुळे. ती आणून देणारा धीवर मात्र सहाव्या अंकाच्या प्रवेशकात आधी रक्षकांचा मार खातो, त्याच्या धंद्याची टवाळी होते, चोरीचा आळ येतो. मग बक्षीस मिळते, तर त्यातलाही वाटा त्याला त्याच रक्षकांना द्यावा लागतो.

उत्कंठा आणि अभिज्ञान यांतील हा भेद हाती आला की ऐंशीच्या दशकाचे स्मरणरंजन वेगळे दिसू लागते. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’ या चित्रपटाचे उदाहरण घ्यावे. त्याचे संवाद आज तीन पिढ्यांना पाठ आहेत आणि निखळ विनोदाच्या हरवलेल्या काळाची खूण म्हणून त्याचा उल्लेख होतो. पण त्याचे कथानक कशावर उभे आहे? पुण्यात राहायला जागा न मिळणाऱ्या चार तरुणांवर. घरमालकिणीला विवाहित जोडपीच हवीत, म्हणून दोघांना स्त्रीवेष घ्यावा लागतो. ज्या ‘बीवी और मकान’ (१९६६) वरून हा चित्रपट बेतला त्याच्या नावातच मकान आहे. घरटंचाई, बेकारी, गावाहून शहरात आलेल्याची परवड हे सारे त्या हसण्याच्या मुळाशी होते आणि तेव्हाच्या प्रेक्षकाला ते वेगळे सांगावे लागत नव्हते. आज हसणे शिल्लक आहे, तक्रार गळून गेली आहे. हंसपदिकेचे गीत असेच तर ऐकले जाते.

ज्या १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झाले त्याच वर्षी, १८ जानेवारीला, मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि तो कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. ऐंशीच्या दशकातील वस्तूंच्या नामावळीत गिरणीचा भोंगा क्वचित येतो. आला तरी पार्श्वसंगीत म्हणून येतो. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मॉलच्या आवारात जुनी चिमणी जपली गेली, पण खूण जपल्याने ओळख पटतेच असे नाही. अंगठी शोभेसाठीही घालता येते. याउलट जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७) संपाच्या झळीत एका गिरणी कामगार कुटुंबाची होत गेलेली मोडतोड दाखवते. त्याला ऐंशीचे दशक तितकेच जवळून ठाऊक आहे. त्या घरातली माणसे, त्यांची बोली, त्यांची चेष्टामस्करी यांवर नाटककाराची माया आहे. तरीही ते नाटक पाहून कुणी ‘ते दिवस परत यावेत’ असे म्हणत नाही.

यावरून स्मरणरंजन हे सरसकट दांभिक होय, असा निष्कर्ष काढणे मात्र उतावळेपणाचे होईल. आविशाय मार्गालिट यांनी ‘द एथिक्स ऑफ मेमरी’ (२००२) या ग्रंथात असा आक्षेप घेतला आहे की ही भावविवशता भूतकाळाला निरागसतेचा मुलामा देते आणि या विपर्यासाचे परिणाम नैतिक असतात. आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. त्यात एक अध्याहृत गृहीत असे की रंजन सुखवस्तूंचे आणि स्मरण दुखावलेल्यांचे. प्रत्यक्षात दुखावलेलाही हुरहुरतो. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. संबंध ऐंशीचे दशक या दोन तारखांच्या मधे आहे. मोर्चे, लाठ्या, तुरुंग यांनी भरलेल्या त्या वर्षांविषयी चळवळीतली माणसे बोलतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात कडवटपणा असतो तशी विलक्षण ओढही असते. त्यांच्याही आठवणीत कॅसेट आहे. स्वस्त टेपरेकॉर्डर घरोघरी पोचला आणि ध्वनिमुद्रिकांच्या बड्या कंपन्यांच्या पलीकडचे आवाज बाजारात आले. वामनदादा कर्डकांची गीते, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांचे गळे चैत्यभूमीवरून आणि दीक्षाभूमीवरून कॅसेटच्या रूपाने खेड्यापाड्यांत गेले. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात भारतातील कॅसेटचा हा प्रसार अभ्यासला आहे. द्वेष पसरवणारी भाषणेही याच फितीवरून फिरली, हेही त्यांनी नजरेआड केलेले नाही. या ओढीला ‘भूतकाळाचा मुलामा’ म्हणता येत नाही. तिच्यात ‘आम्ही’ स्पष्ट असतो, आणि समोरच्याचे देणेही स्पष्ट असते.

‘रामायण’ मालिकेची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. १९८८ मध्ये ती संपत आली तेव्हा लव-कुशांची कथा दाखवावी, या मागणीसाठी जालंधरच्या सफाई कामगारांनी काम बंद ठेवले. पुढे उत्तरकांडावरची मालिका निघाली. वाल्मीकींना आपला गुरू मानणाऱ्या या समाजाला ज्या भागाचा आग्रह होता तो सीतेला टाकल्यानंतरचा, आश्रमात वाल्मीकींनी तिला आसरा दिल्यानंतरचा होता. राज्याभिषेकाशी थांबू पाहणाऱ्या कथेला त्यांनी पुढे चालायला लावले. टाळेबंदीच्या चौथ्या दिवशी, २८ मार्च २०२० रोजी, दूरदर्शनने ती मालिका पुन्हा दाखवायला सुरुवात केली आणि ऐंशीचे दशक जणू घराघरांत परतले. त्याच दिवशी दिल्लीच्या आनंद विहार बस स्थानकावर गावी परतू पाहणाऱ्या हजारो मजुरांची गर्दी उसळली होती. होफरच्या शब्दातले ‘परतणे’ त्या दिवशी अक्षरशः रस्त्यावर होते. ‘रंजन’ घरात होते. दोहोंचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नव्हता, हे खरे. पण एका समाजाच्या स्मरणात त्या तारखेची कोणती बाजू उरते, याला महत्त्व आहे.

वस्तूंच्या बाबतीत हा निवाडा रोज, नकळत होत असतो. सार्वजनिक दूरध्वनीच्या पिवळ्या खोपट्याची आठवण निघते तेव्हा रात्री दर उतरण्याची वाट पाहणारी रांग आठवते. काचेच्या आत मीटरकडे पाहत बसलेली व्यक्ती, जी कित्येक ठिकाणी अपंग असे कारण वाटपात अपंगांना प्राधान्य होते, आणि मोबाइल आल्यावर जिचा धंदा गेला, ती आठवतेच असे नाही. कॅसेटचे तसेच आहे. फितीवरचा लोह-ऑक्साइडचा थर कालांतराने सुटू लागतो, आवाज पुसट होतो. गाजलेल्या चित्रपटगीतांची मूळ मुद्रणे कंपन्यांपाशी होती, ती नव्या माध्यमांत आली आणि आज एका बोटावर ऐकू येतात. गावोगावच्या शाहिरांनी, भजनी मंडळांनी, कलापथकांनी पदरमोड करून काढलेल्या कॅसेटींना असे मागे कुणी नव्हते. त्यांतल्या अनेक आज कुणाच्या तरी पोटमाळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहेत, आणि त्या ऐकवणारे चालू स्थितीतले यंत्र दरवर्षी मिळेनासे होत चालले आहे.